बॅकग्राउंडमधून कीबोर्ड-माउस टिपणारा प्रोग्राम : विंडोजवर काम कोणत्या क्रमाने करावे

प्रोग्राम सुरू केल्यावर तासभर सगळे नीट चालते आणि मग की दाबल्याचे त्याला कळणेच बंद होते. एरर येत नाही, प्रोग्राम बंदही पडत नाही. दुसरी तक्रार अशी, की स्वतःच्या मशीनवर उत्तम चालणारे काम विंडोज सर्व्हिस (लॉगिनशिवाय पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) म्हणून बसवले की एकही इनपुट मिळत नाही. तिसरी तक्रार टास्क मॅनेजरची. तो समोर उघडला की प्रोग्राम बहिरा होतो आणि बंद केला की पुन्हा ऐकू लागतो.

या तिन्ही तक्रारींमध्ये लोक कॉलबॅकचा, म्हणजे इनपुट आले की विंडोज बोलावते त्या फंक्शनचा, कोड पुन्हा पुन्हा तपासतात. दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या पायऱ्यांमध्ये असतो : मार्ग चुकीचा निवडलेला असतो, प्रोग्राम चुकीच्या जागी चालवलेला असतो, किंवा जिथे काहीच करायचे नसते तिथे काम केलेले असते. म्हणून इथे क्रमावर भर आहे.

उदाहरणासाठी एक छोटा प्रोग्राम डोळ्यांसमोर ठेवू. तो सलग किती वेळ टायपिंग आणि क्लिक चालू आहे ते मोजतो, मनगटाला विश्रांती देण्याची आठवण करतो आणि ठरावीक की-जोडी दाबली की थांबतो. वापरकर्ता वर्डमध्ये असो वा ब्राउझरमध्ये, मोजणी चालू राहिली पाहिजे.

## टप्पा १ : नेमके काय हवे ते आधी लिहून काढा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. ‘सगळीकडचे इनपुट पकडायचे’ म्हटले की लोक थेट हूककडे, म्हणजे इनपुट पुढे जाण्याआधी मध्येच आपला कॉलबॅक बसवण्याच्या सोयीकडे, धावतात. विंडोजमध्ये या कामाचे चार वेगळे मार्ग आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

माणूस मशीनवर आहे की उठून गेला, एवढेच हवे असेल तर गेट-लास्ट-इनपुट-इन्फो हे फंक्शन पुरते. शेवटचे इनपुट कधी आले ते मिलिसेकंदांत मिळते. कोणती की दाबली हे प्रोग्रामला कधी कळतच नाही, त्यामुळे खासगीपणाचा प्रश्नही उरत नाही. दर पाच-दहा सेकंदांनी विचारले तरी चालते. हा आकडा ३२ बिटांचा असतो आणि मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिले की शून्यावर येतो. म्हणून वजाबाकी ३२ बिटांच्या चिन्हविरहित संख्यांतच करा. ६४ बिटांच्या टिक-काउंटमधून तो वजा केला तर पन्नासाव्या दिवशी चुकीचे उत्तर मिळेल.

एक-दोन ठरावीक की-जोड्या हव्या असतील तर रजिस्टर-हॉट-की वापरा. विंडोज स्वतः लक्ष ठेवते आणि जोडी दाबली गेली की तुम्हाला मेसेज पाठवते. बाकीच्या कींशी तुमचा संबंध येत नाही.

प्रत्येक की आणि क्लिक मोजायचे असतील, किंवा ते कोणत्या उपकरणावरून आले हे हवे असेल तर रॉ इनपुट, म्हणजे नोंदणी केलेल्या विंडोला उपकरणाची कच्ची माहिती मेसेजने मिळण्याची सोय.

इनपुट अडवायचे किंवा बदलायचे असेल तरच लो-लेव्हल हूक. कॅप्स लॉकला कंट्रोल बनवणे, एखादी की निकामी करणे ही हूकची कामे.

आपल्या विश्रांतीच्या प्रोग्रामला मोजणीसाठी रॉ इनपुट आणि थांबवण्यासाठी रजिस्टर-हॉट-की पुरते. हूक लागतच नाही.

इशारा : दर दहा मिलिसेकंदांनी गेट-असिंक-की-स्टेट (एखादी की आत्ता खाली आहे का ते सांगणारे फंक्शन) विचारत बसणारा लूप लिहू नका. पटकन दाबून सोडलेल्या की त्यातून निसटतात आणि लॅपटॉपची बॅटरी विनाकारण खर्च होते.

## टप्पा २ : काय साठवणार नाही, ते ठरवा

तुमच्या प्रोग्रामसमोरून पासवर्ड, ओटीपी, खासगी पत्रे, आजाराची माहिती असे सगळे जाणार आहे. ते गोळा करण्याचा हेतू नसला तरी ते जाणारच. म्हणून कोड लिहिण्याआधी एक नियम पक्का करा : दाबलेल्या कींचा क्रम डिस्कवर लिहायचा नाही. डीबगिंगसाठीच्या लॉगमध्येही नाही, कारण तोच लॉग नंतर कोणी तरी ‘प्रोग्राम चालत नाही’ म्हणून ईमेलने पाठवतो. मोजणी हवी असेल तर मेमरीत संख्या वाढवा आणि कीचा कोड तिथेच सोडून द्या.

प्रोग्राम चालू असताना टास्कबारच्या कोपऱ्यात आयकन दिसला पाहिजे आणि तिथूनच तो बंद करता आला पाहिजे. दुसऱ्याच्या मशीनवर, त्याला न सांगता असे काही बसवू नका. ऑफिसच्या मशीनवर बसवायचे असेल तर आधी लेखी कळवा आणि संमती घ्या. भारतात डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आहे, आणि कायद्याच्याही आधी तो विश्वासाचा प्रश्न आहे. लपून चालणारा प्रोग्राम कसा करावा हे कोणी विचारले तर मी मदत करत नाही.

अँटिव्हायरस अशा प्रोग्रामवर संशय घेतो, आणि ते योग्यच आहे. त्याला चुकवण्याच्या मागे लागू नका. फाइलवर कोड सायनिंगची सही करा आणि इनपुट कशासाठी वाचता ते स्पष्ट सांगा.

## टप्पा ३ : प्रोग्राम वापरकर्त्याच्या सेशनमध्ये चालवा

सेशन म्हणजे एका लॉगिनचे वेगळे कार्यक्षेत्र. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस ‘सेशन शून्य’मध्ये चालतात आणि लॉगिन केलेला माणूस दुसऱ्या सेशनमध्ये असतो. त्याच्या कीबोर्डचे इनपुट सेशन शून्यातल्या प्रोग्रामपर्यंत पोहोचत नाही. सर्व्हिसला लोकल सिस्टीमचे सर्वाधिकार दिले तरी उपयोग नाही. अडचण अधिकारांची नाही, जागेची आहे.

करायचे एवढेच : इनपुट वाचणारा भाग साधा प्रोग्राम ठेवा आणि टास्क शेड्यूलरमधून ‘लॉग ऑन झाल्यावर’ सुरू करा. सर्व्हिस हवीच असेल तर ती वेगळी ठेवा आणि वापरकर्त्याच्या सेशनमधल्या मदतनीस प्रोग्रामशी पाइपने (दोन प्रोग्राममधल्या संवादाच्या वाटेने) बोलू द्या.

एकाच मशीनवर दोघे जण लॉगिन असतील तर प्रत्येकासाठी एक प्रत चालते. ‘दुसरी प्रत सुरू होऊ नये’ म्हणून लावलेला म्युटेक्स (एका वेळी एकालाच घेता येणारे कुलूप) ‘ग्लोबल’ नावाने केला असेल, तर दुसऱ्या माणसाचा प्रोग्राम उघडणारच नाही. तो ‘लोकल’ नावाने करा.

तपासा : टास्क मॅनेजरच्या तपशिलांत सेशन क्रमांकाचा रकाना दाखवा. तुमच्या प्रोग्रामसमोर शून्य दिसत असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४ : अधिकारांची पातळी

ॲडमिन म्हणून चालणारी विंडो समोर असताना तिचे इनपुट साध्या अधिकारांच्या प्रोग्रामला मिळत नाही. व्हिस्टापासूनची ही सुरक्षाव्यवस्था आहे, दोष नव्हे. टास्क मॅनेजर समोर आल्यावर प्रोग्राम बहिरा होण्याचे कारण हेच.

यावर ‘मग आपणही ॲडमिन म्हणूनच चालू’ हा उपाय लोक सर्रास करतात. विश्रांतीची आठवण करणाऱ्या प्रोग्रामला ॲडमिन अधिकार देणे मला पटत नाही. ॲडमिन विंडोतली दोन-चार मिनिटे मोजणीतून सुटली तर बिघडत नाही. अपंगांसाठीच्या सहायक साधनांना मात्र सगळीकडे पोहोचावेच लागते. त्यांच्यासाठी मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) यूआय-ॲक्सेसची सोय आहे. त्यासाठी फाइलवर विश्वासार्ह सही हवी आणि ती प्रोग्राम फाइल्ससारख्या संरक्षित फोल्डरमध्ये बसवलेली हवी. डाउनलोड्समधून चालवून पाहिले तर ते चालत नाही, आणि लोक तिथेच अडकतात.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट कोणत्याही मार्गाने पकडता येत नाही. त्याचा नाद सोडा.

## टप्पा ५ : स्वतंत्र थ्रेड आणि मेसेज लूप

थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला कामाचा स्वतंत्र धागा, आणि मेसेज लूप म्हणजे विंडोजने पाठवलेले मेसेज एकेक करून वाचत राहणारा लूप. रॉ इनपुट, हॉट-की, हूक या तिन्हींना मेसेज लूप लागतो. हूकचा कॉलबॅक तर ज्या थ्रेडने हूक लावला त्याच थ्रेडवर बोलावला जातो, आणि तो थ्रेड मेसेज वाचत नसेल तर अख्ख्या मशीनचे इनपुट त्याची वाट पाहत थांबते. कन्सोल प्रोग्राममध्ये हूक लावून खाली ‘स्लीप’ लिहिले की माउसचा पॉइंटर अडखळू लागतो, तो यामुळेच.

क्रम असा ठेवा :

१. इनपुटसाठी वेगळा थ्रेड सुरू करा. खिडक्या रंगवणारा मुख्य थ्रेड यासाठी वापरू नका.
२. त्याच थ्रेडवर न दिसणारी, फक्त मेसेजसाठीची विंडो तयार करा.
३. नोंदणी त्याच थ्रेडवर करा.
४. लगेच मेसेज लूप सुरू करा.
५. मिळालेली माहिती रांगेत टाका. हिशेब, फाइल, स्क्रीनवरचा मजकूर हे सगळे दुसऱ्या थ्रेडकडे.

इशारा : हूकच्या कॉलबॅकमध्ये डीबगरचा ब्रेकपॉइंट लावू नका. प्रोग्राम तिथे थांबला की तुमचाच माउस प्रत्येक हालचालीला अडकेल आणि डीबगरपर्यंत पोहोचणेही अवघड होईल. मेमरीतल्या छोट्या नोंदी तपासा.

## टप्पा ६ : रॉ इनपुटची नोंदणी

दोन उपकरणांसाठी नोंदणी करायची. उपकरणाचा प्रकार दोन आकड्यांनी सांगायचा असतो : दोन्हींचे युसेज पेज १, माउसचा युसेज २, कीबोर्डचा ६. बॅकग्राउंडमध्ये असतानाही इनपुट यावे यासाठी ‘इनपुट-सिंक’ हा फ्लॅग लागतो, आणि त्याच्याबरोबर आपल्या विंडोचा हँडल (विंडोजने दिलेला ओळख-आकडा) द्यावाच लागतो. हँडल रिकामा ठेवला तर नोंदणी अयशस्वी होते. परतीचे मूल्य न तपासणाऱ्याला ते कळतही नाही.

एका प्रोसेसमध्ये एका प्रकारच्या उपकरणासाठी एकच विंडो नोंदलेली राहते. नंतरची नोंदणी आधीचीला बाजूला सारते. तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या गेम लायब्ररीने आतून तीच नोंदणी केली, तर तुमचे इनपुट गुपचूप बंद होईल.

मेसेज आला की गेट-रॉ-इनपुट-डेटाने माहिती घ्या : आधी आकार विचारा, मग तेवढी जागा देऊन डेटा. शेवटच्या पॅरामीटरमध्ये हेडरचा आकार द्यायचा असतो. अनेक जण तिथे संपूर्ण स्ट्रक्चरचा आकार देतात आणि कॉल अपयशी ठरतो. काम झाल्यावर मेसेज डिफॉल्ट विंडो प्रोसिजरकडे सोपवा.

मोजणीत हमखास होणाऱ्या चुका अशा :

की धरून ठेवली तर ‘दाबली’चा मेसेज पुन्हा पुन्हा येतो. बॅकस्पेस तीन सेकंद धरला म्हणजे बोट एकदाच हलले, मोजणी मात्र कितीतरी पटींनी वाढते. कोणती की सध्या खाली आहे याची तात्पुरती खूण ठेवा आणि ‘सोडली’ आल्यावरच ती पुसा.

माउसची हालचाल सापेक्ष असते. मागच्या वेळेपेक्षा किती सरकला एवढेच कळते. पॉइंटर स्क्रीनवर कुठे आहे ते हवे असेल तर वेगळे विचारावे लागते. आकडे बेरजेत धरण्याआधी ‘ॲब्सोल्यूट’चा फ्लॅग तपासा. रिमोट डेस्कटॉपवर आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये सापेक्षऐवजी थेट स्थान येऊ शकते.

मेसेजची संख्या कमी समजू नका. १००० हर्ट्झचा गेमिंग माउस सेकंदाला हजार मेसेज देऊ शकतो. प्रत्येकासाठी नवी मेमरी घेऊ नका.

उपकरण ओळखता येणे ही रॉ इनपुटची खरी ताकद. दुकानाच्या काउंटरवरचा बारकोड स्कॅनर बहुधा कीबोर्ड म्हणूनच जोडलेला असतो. त्याने वाचलेले आकडे आणि कॅशियरने टाइप केलेले आकडे हूकला सारखेच दिसतात. रॉ इनपुट प्रत्येक घटनेबरोबर उपकरणाचा हँडल देते, त्यामुळे दोन्ही वेगळे काढता येतात. ते अडवता मात्र येत नाहीत. स्कॅनरचे आकडे समोरच्या विंडोतही उमटतातच. बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच रचना करावी.

तपासा : नोटपॅड समोर ठेवून दहा की दाबा. मोजणी बरोबर दहाने वाढली पाहिजे. वीस येत असतील तर तुम्ही दाबणे आणि सोडणे दोन्ही मोजत आहात.

## टप्पा ७ : थांबवण्याची की-जोडी

रजिस्टर-हॉट-की त्याच थ्रेडवर बोलवा. एरर १४०९ आली तर ती जोडी दुसऱ्या प्रोग्रामने आधीच घेतली आहे, म्हणून जोडी बदलण्याची सोय सेटिंगमध्ये द्या. एफ-१२ डीबगरसाठी राखीव आहे, ती टाळा. ‘नो-रिपीट’चा फ्लॅग लावा, नाहीतर की जरा जास्त वेळ दाबली गेली की प्रोग्राम थांबेल आणि लगेच पुन्हा सुरू होईल.

## टप्पा ८ : हूक लागणारच असेल तर

इनपुट अडवणे किंवा बदलणे हेच काम असेल तरच हा टप्पा वाचा.

सेट-विंडोज-हूक-एक्समध्ये कीबोर्डसाठी प्रकार १३, माउससाठी १४ आणि थ्रेडच्या जागी शून्य द्या. लो-लेव्हल हूकसाठी वेगळी डीएलएल (इतर प्रोग्राममध्ये लोड होणारी कोडची फाइल) लागत नाही. जुने लेख वाचून लोक डीएलएल बनवत बसतात, ती गरज इतर हूकची आहे.

कॉलबॅकमध्ये करायचे एवढेच : कॉलबॅकला मिळालेला पहिला आकडा (कीचा कोड नव्हे) ऋण असेल तर काही न करता पुढे पाठवा. नसेल तर लागणारी दोन-तीन मूल्ये कॉपी करून रांगेत टाका. मग कॉल-नेक्स्ट-हूक-एक्स बोलवा आणि त्याचेच उत्तर परत करा. अडवायचे असेल तेव्हाच शून्याशिवाय दुसरे मूल्य द्या.

आता सुरुवातीच्या पहिल्या तक्रारीचे कारण. कॉलबॅकने किती वेळात परतावे याला मर्यादा आहे. ती रजिस्ट्रीत, चालू वापरकर्त्याच्या कंट्रोल पॅनेलखालच्या डेस्कटॉप नोंदीत, लो-लेव्हल-हूक्स-टाइमआउट या नावाने ठेवता येते. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती कितीही वाढवली तरी १००० मिलिसेकंदांच्या पुढे जात नाही. कॉलबॅक उशीर करत राहिला तर विंडोज ७ पासून हूक न सांगता काढून टाकला जातो, आणि तो काढला गेला हे प्रोग्रामला विचारूनही कळत नाही. तुमच्या फाइल लिहिण्याला एरवी दोन मिलिसेकंद लागतात, पण डिस्क झोपेतून उठत असते तेव्हा दोन सेकंद लागू शकतात. म्हणून कॉलबॅकमध्ये फाइल, नेटवर्क, लॉक, मेसेज बॉक्स यांपैकी काहीही नको.

हूक जिवंत आहे का हे अप्रत्यक्ष पाहता येते. कीबोर्ड आणि माउस दोन्हींचे हूक असतील तर गेट-लास्ट-इनपुट-इन्फोची वेळ पुढे सरकते आहे का आणि हूकला काही ऐकू आले का, हे मिनिटाला एकदा ताडून पाहा. वेळ सरकत असूनही हूक गप्प असेल तर तो काढून पुन्हा लावा. ॲडमिन विंडो समोर असतानाही अशीच तफावत दिसते, म्हणून एका तफावतीवर घाई करू नका.

सी-शार्पमध्ये लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक : कॉलबॅकचा डेलिगेट (फंक्शनकडे बोट दाखवणारा ऑब्जेक्ट) थेट फंक्शनला देऊन टाकणे. त्याच्याकडे दुसरा कोणताच संदर्भ नसल्याने गार्बेज कलेक्टर (न वापरलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) तो साफ करतो आणि थोड्या वेळाने प्रोग्राम कोसळतो. तो स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा. पायथनमध्ये सीटाइप्स वापरतानाही हेच होते आणि उपायही हाच.

मॉडिफायर कींचे (शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट, विंडोज) तीन प्रश्न हमखास येतात.

१. ऑल्ट दाबलेला असताना नेहमीच्या ‘की-डाउन’ऐवजी ‘सिस-की-डाउन’ येतो. दोन्ही हाताळा.
२. कॉलबॅक चालू असताना त्या कीची असिंक स्थिती अजून बदललेली नसते. त्यामुळे कॉलबॅकमधून गेट-असिंक-की-स्टेट विचारले तर आत्ता दाबलेल्या कीचे जुनेच उत्तर मिळते. स्थिती स्वतः सांभाळा.
३. स्वतः सांभाळलेली स्थिती स्क्रीन लॉक झाल्यावर चुकते. विंडोज-एलमधले ‘सोडले’ लॉक स्क्रीनवर घडते आणि तुमच्यापर्यंत येत नाही. परतल्यावर विंडोज की दाबलेलीच आहे असे प्रोग्राम समजतो. सेशन बदलाची सूचना मागून घ्या आणि अनलॉक होताच सगळ्या खुणा पुसा.

तुमचा प्रोग्राम स्वतःही की पाठवत असेल तर तीच की तुमच्याच हूकमध्ये परत येते आणि फेरा संपत नाही. पाठवताना अतिरिक्त-माहितीच्या जागेत स्वतःची खूण ठेवा आणि ती दिसली की सरळ पुढे जाऊ द्या. सगळ्याच ‘इंजेक्टेड’, म्हणजे प्रोग्रामने पाठवलेल्या, कींकडे दुर्लक्ष करणे हा चुकीचा उपाय आहे. स्क्रीनवरचा कीबोर्ड आणि बोलून टाइप करण्याची साधने वापरणाऱ्यांच्या की त्याच मार्गाने येतात, त्यांना बाहेर ठेवू नका.

## टप्पा ९ : की म्हणजे अक्षर नव्हे

मराठी वापरकर्त्यांसाठी हे ध्यानात ठेवावेच लागते. इनपुटमधून मिळतो तो कीचा कोड. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत ‘भक्ती’मधल्या ‘क्ती’साठी के, डी, एल, आर अशा चार की लागतात : क, हलन्त, त, दीर्घ वेलांटी. रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्याच्या की वेगळ्या आणि त्यांची संख्याही वेगळी. त्यामुळे कींच्या संख्येवरून मराठी शब्दांचा वेग काढणारा कोणताही आकडा दाखवू नका. ‘किती की दाबल्या’ एवढेच प्रामाणिकपणे सांगा.

काही मराठी टायपिंग साधने तयार युनिकोड अक्षर थेट पाठवतात, तेव्हा हूकला २३१ हा कोड दिसतो. मूळ रोमन की आणि हे पाठवलेले अक्षर दोन्ही मोजली तर संख्या फुगते.

हूकमध्ये टू-युनिकोड (कीच्या कोडवरून अक्षर देणारे फंक्शन) बोलवून अक्षर काढण्याचा मोह होतो. तसे करू नका. काही लेआउटमध्ये स्वरचिन्हांच्या ‘डेड की’ची (लगेच अक्षर न देता पुढच्या अक्षरावर चिन्ह चढवणाऱ्या कीची) स्थिती त्याने बिघडते आणि समोरच्या माणसाचे टायपिंग चुकू लागते.

## इतर प्रणालींविषयी थोडेसे

मॅकवर हे काम इव्हेंट टॅपने, म्हणजे तिथल्या हूकसारख्या सोयीने, होते. २०१९ च्या कॅटालिनापासून त्यासाठी वापरकर्त्याने ‘इनपुट मॉनिटरिंग’ची परवानगी द्यावी लागते. तिथेही उशीर केला तर टॅप बंद होतो, पण तसे कळवले जाते आणि तो पुन्हा चालू करता येतो. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स-११ आणि नवी वेलँड. एक्स-११ मध्ये सर्व इनपुट वाचता येते. वेलँडमध्ये दुसऱ्या विंडोचे इनपुट मुद्दामच दिले जात नाही. की-जोड्यांसाठी डेस्कटॉप पोर्टलचा (डेस्कटॉपकडे रीतसर परवानगी मागण्याचा) मार्ग आहे. उपकरणाच्या फाइली थेट वाचण्यासाठी ‘इनपुट’ गटात नाव घालण्याचा सल्ला दिसतो. त्याने त्या वापरकर्त्याच्या प्रत्येक प्रोग्रामला सगळ्या की वाचता येतात, हे कळल्याशिवाय तो पाळू नका.

## टप्पा १० : देण्याआधीची चाचणी

प्रोग्राम बंद होताना हॉट-की आणि हूक त्याच थ्रेडवर सोडवा, मगच लूप थांबवा. मग पुढील गोष्टी हाताने करून पाहा.

१. स्क्रीन लॉक करून उघडा. मोजणी चालू आहे का आणि एखादी की अडकलेली तर नाही ना, ते पाहा.
२. मशीन झोपवा, दहा मिनिटांनी उठवा, पुन्हा पाहा.
३. टास्क मॅनेजर समोर आणा, टाइप करा, बंद करा. नंतर मोजणी परत सुरू झाली पाहिजे.
४. चालू असतानाच यूएसबी कीबोर्ड काढून दुसरा लावा.
५. दुसऱ्या वापरकर्त्याने लॉगिन करा आणि पहिल्याकडे परत या.
६. मोठी फाइल कॉपी होत असताना माउस गोल फिरवा. पॉइंटर कुठेही अडखळता कामा नये.
७. एक खोटा पासवर्ड टाइप करा आणि मग प्रोग्रामच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींत तो शोधा. तो कुठेही सापडला तर प्रोग्राम कोणालाही देऊ नका. टप्पा २ वर परत जा.